अंडं कुणाचं?

“सर, धावत या! हातात चहा असेल तर ठेवून या!”

फ्लॉसी तुस्कानोची हाक पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बाकावर बसलेल्या बायका दचकल्या आणि एकीच्या मांडीवरचं रडणारं पोर गप्प झालं. डॉक्टर सिद्धेश खरोखरच धावत आले. फ्लॉसीच्या हाकेला सगळेच धावत असत असं नाही, कारण या बाईला उत्साहाचं व्यसन होतं. मागे एकदा हातभर लांब जंत सापडला तेव्हाही तिने असंच अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं.

“काय झालं, फ्लॉसी मॅडम?”

“मी काही सांगणार नाही. तुम्हीच बघा. मी लांब उभी राहते.”

डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकले. खालच्या उजेडात एक मोठं, लांबट गोल, सोनेरी तपकिरी अंडं पडलेलं होतं. त्याच्या एका टोकाला बारीकशी रेघ होती, डबीला टोपण असतं तशी.

“टोपण आहे की हो!” डॉक्टर म्हणाले.

“आहे ना? मला वाटलं, मला एकटीलाच दिसतंय!”

आगाशीहून विरारकडे जाताना लागणाऱ्या या छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायला मशीन होतं, साखर तपासायला मशीन होतं, आणि खिडकीजवळच्या टेबलावर फ्लॉसी होती. शौचाचे नमुने तिच्याकडे. ते काम दुसऱ्या कुणाला नकोच असायचं. लॅबमधली तरुण पोरं त्या टेबलाला ‘सोनाराचं दुकान’ म्हणत. फ्लॉसी रागवायची नाही. “हसा, हसा,” म्हणायची. “सोनार पण असाच डोळा लावून वाकून बसतो. आणि त्याला पण निम्म्या वेळी पितळच मिळतं.”

शिकत असताना तिने हे टोपणवालं अंडं पुस्तकात पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात होतं की एकदा तरी ते आपल्या काचपट्टीवर यावं. केस पांढरे होत आले, निवृत्ती जवळ आली, आणि ते काही आलं नव्हतं. आज आलं होतं. पण ते कुणाच्या डबीतून आलं हे आठवलं की तिला स्वतःच्या आनंदाची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तो आनंद कमी होत नव्हता.

डबी जोआनाची होती. नंदाखाल गावची, तिसरीतली, फ्लॉसीच्या शेजारच्याच घरातली. नाताळापासून पोरीला ताप येत होता. उजव्या बरगडीखाली दुखायचं, अन्न नको व्हायचं, आणि फ्रॉक अंगावर लोंबायला लागला होता. सोनोग्राफीत यकृतावर काळपट डाग दिसले. कुठल्याशा मोठ्या डॉक्टरने “गाठसुद्धा असू शकते” असं म्हटलं, आणि त्या दिवसापासून घरातलं कुणी तो शब्द उच्चारत नव्हतं आणि कुणाच्या डोक्यातून तो जातही नव्हता. येत्या सोमवारी मुंबईला नेऊन यकृतात सुई घालायची, तुकडा काढायचा आणि तपासायचा, असं ठरलं होतं.

डॉक्टर सिद्धेशना मात्र एक गोष्ट खटकत होती. पोरीच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी भरमसाठ वाढल्या होत्या. “या पेशी एवढ्या वाढल्या की समजायचं, शरीरात कुणीतरी परका पाहुणा मुक्कामाला आलाय,” असं ते म्हणत, आणि पुन्हा पुन्हा नमुना मागवत. आज पाहुण्याचा पत्ता लागला होता. लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतात घर करणारा पानासारखा चपटा कृमी. रोग गुराढोरांचा, माणसात क्वचित येणारा. तो असेल तर दोन वेळा गोळी घेतली की काम झालं. सुई नको, तुकडा नको, आणि तो शब्दही नको.

“सर, मी पेढे मागवू?”

“थांबा, थांबा. एक विचारायचं राहिलंय. हिने अलीकडे कलेजी खाल्लीय का?”

पेढे मागवायला फोनकडे गेलेला फ्लॉसीचा हात हवेतच राहिला. प्रश्न बरोबर होता. रोगट बकऱ्याची कलेजी खाल्ली तर त्या कलेजीतली अंडी शिजूनही तशीच्या तशी पोटातून पलीकडे निघतात. मग काचपट्टीवर दिसतं ते अंडं बकऱ्याच्या किड्याचं असतं, आणि पोरीच्या यकृतात काय आहे ते पुन्हा देवालाच ठाऊक. पण दुसऱ्याच क्षणी फ्लॉसी हसली.

“सर, आमचा उपवासकाळ चालू आहे. ईस्टर येईपर्यंत चाळीस दिवस. जोआनाच्या आजीने, लुसीमावशीने, नातीसाठी नवस केलाय. त्या घरात मटणाचा तुकडासुद्धा शिजत नाही. मासळी पण नाही. लुसीमावशी माहेरची अर्नाळ्याची, मासळीवर वाढलेली, म्हणजे विचार करा!”

तरी डॉक्टरांनी जोआनाच्या आईला, जॉयसला, ऑफिसात फोन लावला. “नाही हो डॉक्टर,” जॉयस म्हणाली. “ॲश वेन्सडेला उपवास सुरू झाला तेव्हापासून घरात अंडं पण नाही आणलं. का, काही सापडलं का?” डॉक्टरांनी सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे ते नाही? दुसरं ते नाही?” आणि ती ऑफिसात सगळ्यांदेखत रडली.

त्या संध्याकाळी फ्लॉसी स्वतःच्या घरी न जाता शेजारी शिरली. नवरा ऑगस्टीन कंपाउंडवरून ओरडला, “अगो, चावी तरी देऊन जा!” तिचं लक्षच नव्हतं. जॉयसने तिला मिठी मारली. जॉयसचा नवरा जेन्सन वाडीतून केळीच्या चिकाचे हात घेऊन तसाच आत आला आणि नुसता हसत उभा राहिला. बिछान्यावरून जोआनाने विचारलं, “आंटी, माझ्या पोटात किडा हाय?”

“हाय तर! राजा किडा. त्याच्या अंड्याला टोपण असतं, माहितीय?”

सगळे हसत होते. लुसीमावशी तेवढी चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिच्या लाल लुगड्याचा पदर तोंडाशी होता. फ्लॉसीला वाटलं, म्हातारी रडतेय आनंदाने.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच लुसीमावशी दाराशी बाकावर बसलेली होती. नंदाखालहून एकटीच रिक्षाने आली होती. ठेवणीतलं लुगडं होतं, हातात जपमाळ होती.

“मावशी, जोआनाला काही झालं का?”

“नाय. आत चल. कोन ऐकल.”

आत गेल्यावर ती बसली नाही. उभ्यानेच बोलली.

“मी पोरीला कलेजी घातली, फ्लॉसी.”

“कधी?”

“रोज. म्हंजे मिलेल तवा. काल दुपारी पन. जॉयस कामावर गेली का मागच्या चुलीवर शिजवायची, पेजेत कुस्करायची, ना भरवायची. पोरगी पांढरी पडली व्हती गो. नवस मीच केला, ना मीच मोडला. काल तू नाचत आलीस. डॉक्टरनी इचारलेला जॉयसनी सांगितला. मना तवाच बोलायचा व्हता. पन जॉयस हसत व्हती. किती दिसांनी हसली. कसा बोलू?”

फ्लॉसी खुर्चीवर बसली.  जानेवारीत, पोरीचं रक्त कमी आहे हे कळलं तेव्हा, कंपाउंडपलीकडून लुसीमावशीला कुणी सांगितलं होतं, “कलेजी द्या मावशी, रक्त भरतं”? तिनेच सांगितलं होतं. मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. फुकटचा सल्ला देण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

“एक सांग,” लुसीमावशी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. “माझ्या कलेजीनी तिला रोग झाला का?”

“नाही मावशी. कलेजीनं हा रोग होत नाही. शपथ घेऊन सांगते. पण काल जे अंडं दिसलं ते जोआनाच्या किड्याचं की बकऱ्याच्या, ते आता सांगता येत नाही.”

“मंग पुना तपास.”

“तपासणार. पण आता कलेजी बंद. पोट रिकामं होऊ दे. रविवारी पुन्हा नमुना. तेव्हा मिळालं तर ते तिचंच.”

“ना नाय मिलाला तर?”

फ्लॉसीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नाही मिळालं तर सोमवार होताच.

लुसीमावशीने मान हलवली. “जॉयसला मीच सांगन,” ती म्हणाली. सुनेच्या तोंडावरचं हसू पुसायला ती स्वतःच्या पायांनी निघाली होती, आणि फ्लॉसीला तिला हात जोडावेसे वाटले. डॉक्टर सिद्धेशना हे कळलं तेव्हा तेही चिडले नाहीत. “आजींनी सांगितलं म्हणून आपण वाचलो,” एवढंच म्हणाले. “पण मॅडम, अजून एक कोडं आहे. हा किडा पाण्यातल्या कच्च्या पाल्यातून पोटात जातो. मी खोदून खोदून विचारलं. ही पोरगी शिंगाडा खात नाही, पालेभाजी तर शिजवलेलीसुद्धा खात नाही. मग तो आला कुठून?”

या प्रश्नाचं उत्तर फ्लॉसीला गुरुवारी संध्याकाळी मिळालं, आणि तेही ती डबी द्यायला गेली होती म्हणून. जोआना ओट्यावर बसून पपईच्या देठाची पिपाणी वाजवत होती. बाजूला गल्लीतला ज्युड बसला होता. पिपाणी फुस्स फुस्स करत होती.

“हे नाय चांगलं वाजत,” जोआना वैतागून म्हणाली. “बावखलातलं चांगलं वाजतं.”

“बावखलातलं काय, गो?”

“नाळीची भाजी. ती आतून पोकळ असते. दिवाळीच्या सुट्टीत आमचा बॅन्ड होता. मी, ज्युड, जॉयल, सगळी. हा तर दोन-दोन पिपाण्या तोंडात धरायचा.”

 फ्लॉसीने आवाज शक्य तितका साधा ठेवला. “डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुला, पाण्यातलं काही खाल्लं का म्हणून?”

“खाल्लं नाय, आंटी. वाजवलं.”

हातातली डबी ओट्यावर टाकून फ्लॉसी वाडीतून धावत सुटली. या वयात, साडी सावरत, केळींच्या मधून. बावखल म्हणजे वाड्यांना पाणी देणारं जुनं तळं. प्रत्येक आळीला एखादं असतंच. उन्हाळ्याने पाणी थोडं खाली गेलं होतं. कडेला नाळीची भाजी माजली होती, तिच्या देठांना बारीक गोगलगायी चिकटल्या होत्या, आणि पलीकडच्या काठावर तबेल्यातल्या म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात बसून रवंथ करत होत्या. म्हशीच्या शेणातलं अंडं पाण्यात, पाण्यातून गोगलगायीत, तिथून पाल्यावर. पुस्तकातलं जे चित्र तिने शिकताना घोकून घोकून पाठ केलं होतं ते सगळं इथे घरामागे मांडून ठेवलेलं होतं, आणि ती रोज त्याच्या बाजूने स्कूटी नेत होती.

“सर!” ती फोनवर ओरडली. “खाल्लं नाही, वाजवलं!”

“काय वाजवलं?”

“पिपाणी! म्हशी आहेत सर, गोगलगायी आहेत, सगळे आहेत!”

डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तेही ओरडले. पण फोन ठेवायच्या आधी म्हणाले, “तरी अंडं लागेल, मॅडम. मुंबईवाले पिपाणीवर सुई रद्द करणार नाहीत.”

रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या आधीचा. चर्चमधून माणसं हातात झावळीचे क्रूस घेऊन घरी जात होती आणि फ्लॉसी तसाच क्रूस पर्समध्ये खोचून बंद लॅबचं कुलूप काढत होती. पाठोपाठ लुसीमावशी डबी घेऊन आली, जोआनालाही घेऊन आली. दोघी बाहेर बाकावर बसल्या.

ही अंडी जड असतात, तळाशी बसतात. म्हणून नमुना पाण्यात घोळवायचा, गाळायचा, उंच ग्लासात ठेवून निवळू द्यायचा. वरचं गढूळ पाणी तांदळाच्या धुवणासारखं हलकेच ओतून द्यायचं आणि नवं घालायचं. पुन्हा निवळू द्यायचं. उत्साही माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. फ्लॉसी खिडकीशी जायची, यायची, ग्लासकडे बघायची, स्वतःला दटावायची. पाणी एकदाचं नितळ झालं तेव्हा तिने तळचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि वाकली.

काही नाही. दुसरा थेंब. अन्नाचे कण, हवेचे बुडबुडे. तिसरा. एका बुडबुड्याने तिला फसवलं आणि तिने त्याला शिवी दिली. नंतरच्या काचपट्ट्या ती इतक्या हळू सरकवायला लागली की मान आखडली. बाहेरून लुसीमावशीची प्रार्थना पुटपुटल्यासारखी ऐकू येत होती. ग्लासाच्या तळाशी आता जेमतेम एक थेंब उरला होता. फ्लॉसी देवाशी भांडली. “तुला काय जातंय?” ती म्हणाली. “एकच तर मागतेय.”

कोपऱ्यात, अगदी काचेच्या कडेला, ते होतं. सोनेरी. टोपणासकट.

“सापडलं!”

पॅसेजमध्ये ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून वॉचमन काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं चोर सापडला. त्याच्या मागे दारात लुसीमावशी उभी राहिली. तिला आत यायचा धीर होत नव्हता. जपमाळेची मूठ छातीशी घट्ट धरून तिने एवढंच विचारलं, “कुनाचा?”

“तिचं, मावशी! आपल्या जोआनाचं! तिचं स्वतःचं!”

पोरीच्या पोटात किडा आहे हे पक्कं झालं म्हणून दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि वॉचमन काठी खाली ठेवून बघत होता. जोआनाला स्टुलावर उभं करून फ्लॉसीने तिचा डोळा मायक्रोस्कोपला लावला. पोरगी बराच वेळ बघत राहिली.

“टोपण खरंच हाय,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “ज्युडच्या पोटात पण असेल?”

डॉक्टर सिद्धेशनी त्याच दुपारी येऊन स्वतः पाहिलं, फोटो काढला आणि मुंबईला पाठवला. सोमवारची सुई रद्द झाली. औषध गावात मिळण्यासारखं नव्हतं, ते मागवावं लागलं, पण आलं. जोआनाने ते दोन्ही वेळा पोटभर जेवून घेतलं आणि तोंड वाकडं केलं. त्या आठवड्यात फ्लॉसी डब्या घेऊन दारोदार फिरली. बॅन्डमधल्या प्रत्येक वादकाकडून तिने नमुना वसूल केला. पोरं तिला बघून केळीत लपायची. ज्युडच्या डबीत अंडं मिळालं. त्याच्या आईला वाटत होतं तो शाळा बुडवायला पोट धरतो.

ईस्टरच्या दुपारी जेन्सनच्या अंगणात मटणाचा वास सुटला होता. फ्लॉसी आणि ऑगस्टीन जेवायला होते. लुसीमावशी सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती. तिच्या स्वतःच्या पानात भात, डाळ आणि लोणचं होतं.

“आई, आज तरी?” जॉयस म्हणाली.

“दात दुखतात,” म्हातारी म्हणाली. फ्लॉसीने वर पाहिलं. लुसीमावशीने तिच्याकडे न बघता तिच्या पानात आणखी एक नळी टाकली. मोडलेला नवस ती एकटीने पुन्हा पाळत होती, आणि पोरीचं सगळं नीट होईपर्यंत पाळणार होती, हे फ्लॉसीला कुणी सांगावं लागलं नाही.

जुलैत पुन्हा तपासणी झाली. जोआनाचे गाल भरले होते, ताप गेला होता, सोनोग्राफीतले डाग पुसट झाले होते. उरली होती डबी. फ्लॉसीने पुन्हा पाणी निवळलं, पुन्हा तळचे थेंब घेतले, आणि एकेक काचपट्टी कोपऱ्यान् कोपरा तपासली. ज्याची तिने जन्मभर वाट पाहिली ते आता दिसू नये म्हणून ती देवाला विनवत होती. शेवटची काचपट्टी बघून झाली. तिने पुन्हा पहिली घेतली. मग दिवा बंद केला आणि बाहेर आली.

“काय मिलाला?” लुसीमावशीने विचारलं.

“काही नाही.”

“काय नाय म्हंजे?”

“काहीच नाही, मावशी. रिकामं. साफ.”

लुसीमावशीने क्रूसाची खूण केली. “बरा,” ती म्हणाली, आणि छत्री उचलून निघाली.

सोनाराचं दुकान त्या दिवशी फ्लॉसीने लवकर आवरलं. घरी जाताना आगाशीच्या बाजारात तिला मटणाच्या दुकानासमोर लाल लुगडं दिसलं. रविवारच्या प्रार्थनेला असतात तशी माणसं रांगेत होती. ओळखीची होती, चर्चमधलीच होती. उपवासकाळात याच दुकानात लुसीमावशी मागच्या दाराने येऊन, पुडी केळीच्या पानात बांधून, भाजीखाली लपवून नेत होती. आज ती रांगेच्या मधोमध उभी होती, छत्री मिटलेली, पावसात भिजत, ताठ मानेने.

फ्लॉसीने स्कूटी थांबवली. हॉर्न वाजवायला नेलेला हात तिने मागे घेतला.

“काय देऊ, मावशी?” खाटकाने विचारलं.

“कलेजी दे,” लुसीमावशी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “माझ्यासाठी.”